खांब नसलेली गावं

लाल ठिपका पडद्यावरच्या पर्यटकांच्या आलेखात थरथरत पुण्याच्या खांबावर चढला, तिथून लोणावळ्याच्या खांबावर उतरला आणि मग जिथं काहीच नव्हतं अशा पांढऱ्या जागेवर येऊन थांबला. “आणि हे शिरूर, हे दौंड,” पर्यटन योजनेसाठी पुण्याहून आलेली अपेक्षा नावाची ती मुलगी म्हणाली. “यांचेही खांब आहेत. पण इतके बुटके, की दिसत नाहीत.” दौंडच्या त्या हॉलमध्ये हशा पिकला. लॉजवाले, ढाबेवाले, शेतात दोन तंबू ठोकून हुरडा पार्टी करणारे, सगळेच हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आपल्याच पोराची उंची भरली नाही म्हणून बाप चारचौघांत हसतो, तसं ते होतं. पण ग्लॅडिसनं मान वळवली तर शेजारच्या खुर्चीवर तिचा धाकटा दीर गिदोनही मांडीवर थाप मारून हसत होता. ती मुलगी मात्र हसत नव्हती. समजावून सांगत होती, की मोठं शहर म्हणजे मोठा आकडा, हे फसवं असतं. म्हणून आम्ही येणारी माणसं तिथं कायमच्या राहणाऱ्या माणसांनी भागतो. तिनं बटण दाबलं. पुण्याचा खांब खचला, लोणावळ्याचा वर उसळला, एकदोन बारक्या गावांनी माना वर काढल्या. शिरूर आणि दौंड होते तिथंच राहिले. “रांजणगावचा गणपती धरला का न्हाई, मॅडम?” कुणीतरी विचारलं. “धरलाय ना. पण ते लोक रांजणगावहून परत जातात. शिरूरला थांबत नाहीत.” “आन् दौंडला थांबत्यात की!” मागून आवाज आला. “गाडी बदलायला!” पुन्हा हशा. ग्लॅडिस त्या पांढऱ्या जागेकडं बघत राहिली. माणसाला माणसानं भागायचं. भागून काय उरतं, हे कुणी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत गिदोन खिडकीशी बसला आणि तिला आतल्या बाजूला जागा दिली. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून तो शिरूरच्या चर्चच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी होता, आणि सेक्रेटरी झाल्यापासून त्याला सगळ्या गोष्टींची घाई होती. चर्चच्या मागं दोन खोल्यांचं पाहुणघर आहे, ग्लॅडिस ते सांभाळते; ते या योजनेत बसवायचं त्यानंच काढलं होतं. गावाबाहेरची माणसं येऊन राहतात एवढं दाखवता आलं की योजना खोल्यांची डागडुजी करणार, रस्त्यावर पाटी लावणार. दाखवता आलं नाही, तर खोल्या जालिंदरला भाड्यानं द्यायच्या. तो रांजणगावच्या कंपन्यांना कामगार पुरवतो, आणि त्याला माणसं झोपवायला जागा पाहिजे. चर्चचं छप्पर गळतं, त्याला कुठून तरी पैसा हवा. हे सगळं ग्लॅडिसला माहीत होतं आणि यातलं काहीच खोटं नव्हतं. “वहिनी, ती पोरगी उद्या खोल्या बघायला येनार हाय,” गिदोन म्हणाला. “तुम्ही फकस्त आकडा सांगायचा. वरसाला पाहुणे किती.”

“मी मोजत न्हाई, भावजी.”

“आता मोजा की मग.”

“झालेलं आता कुठनं मोजू?”

“डोक्यानं मोजा! महिन्याला चाळीस-पन्नास टाकायचे. कोन आलंय बघायला?” तो हसला. “हुरडावाल्यानं बघा, पोपटाच्या पिंजऱ्यापुढं उभी ऱ्हायलेली पोरंबी पर्यटकांत घातली.”

ती बोलली नाही. तिचं न बोलणं घरात सगळ्यांच्या सवयीचं होतं. तिचा नवरा एबनेझर असतानाही ती अशीच गप्प असायची, आणि लोक त्याला तिचा होकार समजून पुढं जायचे. चौफुल्याला एसटी वळली. भीमेच्या पुलावरून जाताना उसाच्या मळीचा आंबूस वास आत आला, आणि त्या वासातून, कसा कोण जाणे, इंजिनाच्या वाफेचा नव्हे, तापलेल्या डिझेलचा वास आला. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. तिचे वडील तिथं गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. नगरकडून येणारी गाडी पुण्याला जायची तर दौंडात तोंड फिरवायची; पुढचं इंजिन काढून मागं लावेपर्यंत अख्खी गाडी उभी असायची. लहानपणी ग्लॅडिस तारेच्या कुंपणाला नाक लावून एक खिडकी निवडायची आणि तिच्याकडं बघत राहायची. खिडकीतले डोळे बाहेर यायचे, चहाच्या गाड्यावरून फिरायचे, नळावरून फिरायचे, तिच्यावरून फिरायचे, आणि तसेच पुढं जायचे. जसा भिंतीवरून हात फिरतो. एकदा एका मुलानं झोपेतून उठून आईला विचारलं होतं, काय आलं गं? आणि ती बाई बाहेर डोकावून, सरळ ग्लॅडिसच्या डोळ्यांत बघून म्हणाली होती, “काही नाही रे. दौंड आहे.” मग गाडी हलली होती. ग्लॅडिस घरी येऊन आरशासमोर उभी राहिली होती. रिबिनी होत्या, कपाळावरचा देवीचा वण होता, सगळं होतं. आज त्या हॉलमध्ये ठिपका पांढऱ्या जागेवर थांबला तेव्हा तोच आवाज आला होता, तेवढाच निर्विष, तेवढाच झोपेतला. काही नाही रे.

आणि त्याच कॉलनीत तिची आई होती. कनेक्शनची गाडी चुकली की वडील कुणा ना कुणाला घरी घेऊन यायचे. तापानं फणफणलेलं पोर घेतलेली बाई, लग्नाला निघालेला आणि पोचू न शकलेला म्हातारा. आई चुलीपुढून न उठता म्हणायची, पाय धुवा. ग्लॅडिस विचारायला जायची, तुमचं नाव काय, तर आई डोळे वटारायची. “जेवल्याबिगर नाव इचारायचं न्हाई. नाव इचारलं की मानूस हिशोबात जातं. आपला, परका. वरचा, खालचा. जेवू दे आधी.” जेवल्यावर मात्र कुणाचं नाव विचारायचं कुणाला आठवायचंच नाही. माणूस झोपायचा, पहाटेच्या गाडीनं जायचा. लग्न होऊन ती शिरूरला आली तेव्हा तिनं हा नेम बरोबर आणला, जशी दुसऱ्या मुली पाटा-वरवंटा आणतात. इथं पाहुणघर होतंच. ते कुणा साहेबानं बांधलेलं नव्हतं. मंडळीतल्या बायका भाकरीला पीठ घेण्याआधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायच्या, दर रविवारी ती मूठ चर्चमध्ये आणायच्या. त्या मुठींवर त्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या. कोणाची मूठ मोठी, कोणाची लहान. तिला माप नव्हतं. माप लावलं असतं तर ज्यांच्या घरी पीठच कमी, त्या बायका लाजेनं यायच्या बंद झाल्या असत्या.

न्हावऱ्याला बाजार होता. कांद्याच्या गोण्यांमध्ये एसटी बराच वेळ अडकून राहिली. गिदोन डुलक्या घेत होता, त्याची टोपी तिच्या खांद्याला लागत होती. ती मनाशी म्हणाली, हा माझा गर्व तर नसेल? दोन खोल्या वाचतात, एक पाटी लागते, छप्पर धरून राहतं. मी एक आकडा बोलायचा. बोलला तर काय झिजतं माझं? पण पाळकसाहेबांच्या एका जुन्या प्रवचनातला तो राजा तिच्या डोक्यातून जाईना, ज्याला एक दिवस वाटलं, आपली माणसं एकूण किती ते बघावं. त्यानं मोजणारे धाडले, आणि मोजदादीमागोमाग देशात मरी आली. लहानपणी तिला कळायचं नाही की मोजण्यात पाप काय. आज थोडं कळल्यासारखं वाटत होतं. मोजलं की माणसं आपली होतात. पाहुणा आपला नसतो. म्हणून तर तो पाहुणा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे गुडघे टेकून बसली. एबनेझर गेल्यापासून तिचा नेम असा, की घरात एक ताट जास्तीचं होणार, ते कुणीतरी परक्यानं जेवल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही. दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर ती स्वतः एसटी स्टँडवर जायची आणि बाकड्यावरच्या कुणालातरी हळूच म्हणायची, चला, घर जवळच हाय. लोक आधी घाबरायचे. मग यायचे. कालच्या दिवसापुरतं तिनं ते ताट शेजारच्या कुशाबाईंवर सोपवलं होतं. आज प्रार्थना करता करता तिनं आठवायचा प्रयत्न केला. मोजायला नव्हे, नुसतं बघायला. आणि भीती वाटली, कारण चेहरे येईनात. चप्पल उशाखाली घेऊन झोपणारा एक माणूस आला. डोळ्याला पट्टी बांधलेला दुसरा, जो भाकरी हातानं चाचपून तिच्यावरचे फोड मोजल्यासारखा मोडायचा. बिहारचा एक ट्रकचा क्लीनर, ज्यानं जेवण झाल्यावर ताट धुऊन, पुसून, उन्हात ठेवलं होतं. मिशनच्या काळात इथं पुरलेल्या एका तान्ह्या बाळाची कबर शोधत आलेली, कुठल्या तरी दूरच्या गावची बाई. कबर सापडली नाही तेव्हा ती बोरीच्या झाडाखाली बराच वेळ बसून राहिली आणि मग म्हणाली, इथंच असेल. नावं नाहीत, साल नाही. इतक्या वर्षांत एवढेच? बाकीचे कुठं गेले? जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं त्या पडद्याचं म्हणणं होतं, आणि पहाटेच्या त्या गार फरशीवर क्षणभर ग्लॅडिसलाही ते खरं वाटलं. गुडघे दुखायला लागले. ती तशीच राहिली. माझ्या ध्यानात नसतील, ती म्हणाली, तुझ्या असतील. आणि उठून पीठ मळायला लागली.

अपेक्षा दुपारी आली, स्कूटीवरून, तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत. गिदोन आधीच येऊन पाहुणघराच्या पडवीत खुर्ची टाकून बसला होता. “काकू, मी काल...” ती सुरू झाली. “पाय धू,” ग्लॅडिस म्हणाली. “जेव. मग बोलू.” पोरीनं गिदोनकडं बघितलं, त्यानं खांदे उडवले, आणि ती खरंच नळावर जाऊन पाय धुऊन आली. पिठलं होतं, भाकरी होती, कांदा होता. तिनं आधी चमच्यासाठी इकडंतिकडं पाहिलं, मग हातानं जेवली, मग बोटं चाटली. “काल सगळे हसले,” जेवता जेवता ती म्हणाली, “तुम्ही हसला नाहीत. मी बघत होते.”

“तूबी हसली न्हाईस.”

“मला हसायची परवानगी नसते.” ती हसली. “माझं आजोळ दौंडचंच आहे, काकू. मला काय आवडलं असेल ते दाखवायला?”

ग्लॅडिसनं तिच्या ताटात अजून एक चतकोर टाकला. आता ती पोरगी पडद्यापुढची राहिली नव्हती, आणि त्यामुळं सगळं अवघड झालं होतं. जेवण झालं. अपेक्षानं दोन्ही खोल्या पाहिल्या, ताणून घातलेल्या चादरींवरून हात फिरवला, माठात डोकावली, मोबाइल काढला. “काकू, किती लोक येतात?”

“मोजत न्हाई मी.”

“चाळीस-पन्नास!” पडवीतून गिदोन म्हणाला. “महिन्याला. कवाकवा जास्त.”

“न्हाई, भावजी.” तिचा आवाज एवढा हळू होता की गिदोनला वाटलं, तिनं आकडा दुरुस्त केला. “म्हंजी साठ?” तो उत्साहानं म्हणाला.

“म्हंजी न्हाई. मला ठाऊक न्हाई.”

अपेक्षानं मोबाइल खाली घेतला. तिनं शांतपणे सांगितलं, की पर्यटक म्हणजे फिरायला आलेला, पैसे देऊन एक रात्र तरी राहिलेला माणूस. ग्लॅडिसनं मनात चपलावाला आणला, क्लीनर आणला, बोरीखालची बाई आणली. कुणी फिरायला आलेलं नव्हतं. कुणाकडून काही घेतलेलं नव्हतं. “तसलं कुनी न्हाई,” ती म्हणाली.

“मग मी शून्य घालू?”

“घालू नको.”

“काकू, एक काहीतरी घालावंच लागतं. चौकट रिकामी ठेवली तर सिस्टिम पुढं जातच नाही.”

“मग न जाऊ दे.”

गिदोननं कपाळाला हात लावला. “बघा, मॅडम, ह्यांचं हे असं. दादा होता तवा तोच सांभाळून घ्यायचा. घरात एक संत असला की बाकीच्यांनी उपाशीच ऱ्हायचं.” बोलणं टोचणारं होतं, आणि त्यात खोटं फार नव्हतं. अपेक्षा जरा वेळ स्कूटीच्या किल्लीशी खेळत बसली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. “काकू, मला घाला. मी आलेच ना? पुण्याहून आले, आज राहतेसुद्धा. खोलीचं काय असेल ते देते. खोटं काहीच नाही यात. एक पासून सुरुवात करू, पुढच्या महिन्यात आपोआप वाढेल. तुमच्या खोल्या राहतील.”

ते इतकं सरळ होतं, इतकं प्रेमानं पुढं केलेलं, की ग्लॅडिसच्या डोळ्यांत पाणी आलं. एक. एवढाच खांब, बोटाएवढा. पडद्यावर कदाचित दिसलाही असता. झोपेतून उठलेल्या त्या पोराला आईनं सांगितलं असतं, हे शिरूर. हो म्हणायला तोंड उघडलंही तिनं. पण तिची नजर ताटाकडं गेली, पुसून लख्ख केलेल्या ताटाकडं, आणि तिला वाटलं, हिला नळावर पाय धुवायला सांगितलं तेव्हा ही कोण होती माझी? “बाळा,” ती म्हणाली, “तू जेवलीस. आता तुझं नाव पुढं करून मी कायतरी मागितलं, तर ती भाकरी इकल्यासारखी व्हईल. तू ऱ्हा खुशाल. पन मी तुला मोजनार न्हाई.”

अपेक्षा राहिली नाही. जाताना वाकून ग्लॅडिसच्या पायांना हात लावायला गेली, ग्लॅडिसनं ते करू दिलं नाही, दोघी मध्येच अडखळल्या आणि अपेक्षाला हसू आलं. चौकटीत तिनं शेवटी काय घातलं, ते ग्लॅडिसनं विचारलं नाही. गिदोननं विचारलं असावं, कारण रविवारी उपासनेनंतर त्यानं मंडळीसमोर कमिटीचा ठराव वाचून दाखवला, की खोल्या सोमवारपासून जालिंदरकडं द्यायच्या. कुणाची हरकत? पंखा फिरत होता. बायकांच्या बाकावरून ग्लॅडिस उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती चर्चमध्ये फक्त गाण्यासाठी उभी राहिली होती, त्यामुळं लोकांना वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. कुणी पाणी आणायला उठलं. “त्या खोल्या मुठीच्या हायत,” ती म्हणाली. “माझ्या सासूची मूठ हाय त्यात. तुमच्या आयांची हाय. भाड्याच्या न्हाईत त्या.”

“मुठीचं मोल मान्य, वहिनी,” गिदोन म्हणाला. तोही हळू बोलला, त्याचीही ती आई होती. “पन छपराचं काय करू ते सांगा.” छप्पर खरंच गळत होतं. ती खाली बसली, ठराव झाला, आणि पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. घरी जाताना कुशाबाईंच्या पुढं, रस्त्यातच, तिला रडू आलं आणि मग एकाएकी रडू थांबलं. आपल्याकडं उत्तर नाही, एवढं कळलं तिला. आणि हेही कळलं, की उत्तर नसलं म्हणून उठून जायलाच पाहिजे असं कुठं आहे?

सोमवारी सकाळी जालिंदरचा टेम्पो आला, एकावर एक रचलेल्या लोखंडी खाटा घेऊन. दोन्ही खोल्यांना मिळून एकच पडवी आणि पडवीला एकच दार. ग्लॅडिस त्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. हातात काही नव्हतं, ना निवडायचे तांदूळ, ना विणकाम. नुसती बसली होती.

“मावशी, जरा सरका. खाटा आत घेतो,” जालिंदर म्हणाला. चांगला, घामट, हसरा माणूस.

“खोल्या मोकळ्या न्हाईत.”

“आँ? गिदोनमामा तर म्हनले मोकळ्या हायत.”

“पाहुणे हायत.”

जालिंदरनं तिच्या डोक्यावरून आत वाकून पाहिलं. दोन खोल्या, झाडलेल्या. चादरींवर एक सुरकुती नाही. “कुठं हायत, मावशी?”

“येनार हायत.”

हे खोटं आहे का, तिनं स्वतःला विचारलं. शब्द जिभेवर फिरवून पाहिला. तो कडू लागला नाही. टेम्पोतल्या पोरांतलं एक जण म्हणालं, “अरे चाची, धूप आ गयी, अंदर बैठो ना,” आणि दुसरा हसला. जालिंदरही हसला. “कवा येनार?”

“ते त्यास्नी ठाव.”

त्यानं डोकं खाजवलं, फोन लावला, आणि गिदोन काय म्हणतो ते तिलाही ऐकू यावं म्हणून तिच्यासमोर धरला. “वहिनी, ह्यो काय पोरखेळ मांडलाय? ठराव झालाय ना काल?”

“ठराव खरा हाय, भावजी.”

“मग उठा की.”

“न्हाई.”

तिलाच तो शब्द ऐकून नवल वाटलं. चर्चच्या भिंतीवर आपटून परत आला होता, म्हणजे मोठ्यानं बोलला गेला असणार. “आता काय पोलीस बोलवू का, वहिनी?” गिदोन म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, रडवेला होता.

“बोलवा,” ग्लॅडिस म्हणाली. “येऊ द्या त्यास्नीबी.”

जालिंदरनं फोन खिशात घातला आणि टेम्पोच्या फळीवर जाऊन बसला. पोरांनी बिड्या काढल्या, तिच्याकडं बघून परत ठेवल्या. ऊन उंबऱ्यावर चढलं. तिच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत; पाय आपला नसल्यासारखा जड झाला होता. येऊ देत, असं म्हणून तिनं दुसरा पायही त्याच्याशेजारी लांब केला, दार पूर्ण अडेल असा, आणि बसून राहिली.